काचेचं वरचं टोक

माणसाहून उंच आणि दाराहून रुंद काच लिफ्टमध्ये मावत नाही. ती जिन्यानंच चढते, आणि तिला दोन माणसं लागतात, एक वरच्या टोकाला, एक खालच्या. वरच्याचा पाय अडला की काच खालच्याच्या अंगावर येते. काचवालीला हे पुरतं ठाऊक होतं, आणि आज खालच्या टोकाला तिची नणंद होती.

"वहिनी, चालायचं ना? की काचेशी गप्पा मारत बसायचंय?"

"चल," काचवाली म्हणाली आणि पहिली पायरी चढली.

तिची चाल बिघडली ती दुकानाच्या दारात. नवरा-बायको मोठी काच गाडीवरून उतरवत होते आणि त्याच्या टोकाकडून ती निसटली. या धंद्यात पहिला धडा असतो तो सोडण्याचा. काच सुटली तर जाऊ द्यायची, हात मागे, पाय मागे. हा धडा तिला नवऱ्यानंच दिला होता. पण पडणारं मूल कवटाळावं तशी त्यानं ती काच कवटाळली. त्याची दोन बोटं आता मिटत नाहीत. तो टेबलाशी बसून काच कापतो, आणि उचलायचं काम नणंद-भावजयीवर आलं. जखम त्याला झाली, पण काच फुटल्याचा आवाज काचवालीच्या पोटात शिरला तो तिथंच मुक्कामाला राहिला.

त्यानंतर तिचा डावा पाय चालताना मध्येच ओढला जाई, जणू आतून कुणी दोरी धरली आहे. डॉक्टरांनी फोटो काढले, हाडं ठणठणीत निघाली. घरात तिनं पाठ दुखते एवढंच सांगितलं. खरं कळलं असतं तर नवरा अधू हातानं काच उचलायला धावला असता.

ओळखलं ते एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर अंग सैल सोडायला शिकवणाऱ्या बाईंनी. त्यांच्या हॉलच्या खिडकीचं माप घ्यायला काचवाली गेली, तेव्हा तिथं चारसहा माणसं चटईवर निजून गुडघे इकडून तिकडे नेत होती, इतक्या सावकाश की बघणाऱ्यालाच जांभई यावी. बाई तिचं चालणं बघत राहिल्या.

"कशाला दचकला होतात?"

"मी? कुठं काय."

"पोट अजून दचकलेलंच आहे तुमचं. आतड्यांच्याही मागे, कण्याच्या दोन्ही अंगांना एक स्नायू असतो. सोअस म्हणतात त्याला. कमरेतून उतरून तो मांडीचं हाड आतून धरतो. पाय उचलतो तो हाच. माणूस भ्याला की अंगाचं मुटकुळं करतो तोही हाच. तुमचा सोडायचं विसरलाय."

मग दुकान उघडायच्या आधी ती तिथं जाऊ लागली. पाठीवर निजायचं, गुडघे वर, तळवे जमिनीला, आणि काही करायचं नाही. कंबर कुठं टेकते, श्वास कुठवर उतरतो, एवढं जाणवून घ्यायचं. हात सतत कामात असलेल्या तिला नेमकं हेच अवघड. ती दात आवळून पडून राही. बाई हसून म्हणत, "तुम्ही निजूनही काच उचलताय." नणंदेला तर आयतंच सापडलं होतं. "निजायला शिकवणी लावलीत होय? आमच्याकडे फुकटात जमतं."

आज जिन्यात पहिला मजला नीट गेला. दुसऱ्याच्या अलीकडे वर कुठंतरी धाडकन दार आपटलं.

पायाच्या आधी तिला पोटात कळलं. आत काहीतरी आवळत चाललं होतं, डाव्या बाजूनं, मुठीसारखं. एरवी ती श्वास कोंडून पाय ओढत पुढे गेली असती. काच किंचित कलली. खालून नणंदेचा श्वास ऐकू आला, आणि वळणाची सपाट जागा अजून वर होती. तिथवर ती कशीबशी पोचली. नणंदही वर आली, आणि काचवाली कधीच न बोललेला शब्द बोलली.

"टेक."

नणंदेनं कमरेला खोचलेले गादीचे तुकडे काचेखाली सरकवले. काच भिंतीला टेकली. नणंद ती दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.

"पाय येत नाहीये," काचवाली म्हणाली. "त्या दिवसापासूनच."

"ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"काचेतून कळतं. तुमचं डावं पाऊल पडलं की माझ्या हाताला हिसका बसतो. म्हणून मी मागनं पावलं बारीक टाकते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलायची वाट बघत होते. शेवटी दादाचीच बायको तुम्ही. कवटाळून बसणारी."

काचवालीनं हातमोजे काढले आणि तिथंच, जिन्याच्या वळणावर, गार फरशीवर पाठ टेकून गुडघे वर घेतले. पिशवी घेऊन उतरणारे एक गृहस्थ थबकले. "पडल्या की काय?"

"नाही हो, शिकवणी चालू आहे," नणंद म्हणाली. "त्या बाजूनं जा. काचेला धक्का नको."

डोक्याशी काच उभी होती. खालून तिची कड हिरवी दिसत होती, पातीसारखी. नणंद एकटीच ती सावरून होती. काचवालीच्या जिवात जीव नव्हता, आणि तशात पोट सैल सोडायचं.

"झालंच," ती म्हणाली.

"झालंच नको. होऊ द्या. मी धरलीय."

मी धरलीय. त्या दिवसानंतर असं तिला कुणी म्हटलं नव्हतं, आणि तिनं कुणाला म्हणू दिलंही नव्हतं. तिनं खटपट थांबवली. श्वास बेंबीच्या खाली उतरला, आणखी खाली गेला. ओली दोरी दगडावर टाकली की सावकाश पसरते, तशी डावी कंबर फरशीला लागली. पुरती नाही, पण लागली.

ती कुशीवर वळून उठली. मोजे चढवले.

"पुन्हा आवळलं तर मी टेक म्हणणार."

"म्हणा की. दादाला मी सांगू का तुम्ही?"

"मी सांगते."

काच उचलली गेली. नणंद खालून पावलं तपासत चढू लागली. "हे पडलं पुरतं. हे पडलं. हे नाही हं."

"टेक," काचवाली म्हणाली.