धुरातला मासा, थंडगार वाइन आणि आमची गाळण

ज्या दिवशी सगळं सुरळीत जातं, त्या दिवसाबद्दल घरी सांगायला काहीच नसतं. "काय झालं आज?" "काय नाय." संपलं! पण ज्या दिवशी आमची गाळण उडते, तो दिवस दुसऱ्या दिवशी गावभर फिरून आलेला असतो. आमच्या किचनमध्ये असे दिवस इतके झालेत, की चार माणसं चहाला बसली की एखादा बाहेर पडतोच.

आधी जागा सांगते. मुरबाडहून शहापूरकडे जाताना, रस्त्यापासून जरा आत, वैशालीताईंचं फार्म-स्टे आहे. ताई मुंबईच्या, नोकरी सोडून इथं आल्या. मी मंगल, स्वयंपाक माझ्याकडे. लाकूडफाटा, धूर, झाडलोट सगळं गुरुनाथभाऊ बघतात. आमची फेमस डिश एकच. रोहूचे तुकडे मिठाच्या पाण्यात ठेवायचे, कोरडे करायचे, आणि आंब्याचं लाकूड नि भाताचा तूस यांच्या धुरावर हळूहळू शिजू द्यायचे. मग काटे काढून कुस्करायचे, त्यात चक्का, लिंबू, हिरवी मिरची. तांदळाच्या कडक पापडीवर एकेक चमचा. सोबत थंडगार व्हाइट वाइन, गोड नसलेली. बस्स! एवढ्याशा गोष्टीत घाबरण्यासारखं काय आहे, असं मलाही वाटायचं.

*

धूर देण्यासाठी भाऊंनी किचनच्या मागं विटांची एक खोली बांधली. वर पत्रा, आत मासे टांगायला आकडे. आम्ही तिला 'धुरी' म्हणतो.

पहिल्याच दिवशी धुरी पेटवली, आणि मासा कसा होतोय ते बघायला ताई आत शिरल्या. वाऱ्यानं दार मागं आपटलं आणि बाहेरून कडी पडली. मी तेव्हा मीठ आणायला दुकानात गेले होते, भाऊ लाकूडफाटा आणायला.

परत येते तर काय, पत्र्याखालून धुराचे लोट आणि शेजारच्या शेतातल्या बाया हंडे घेऊन धावतायत. "आग! आग! बाई आत हाय!" माझ्या हातातलं मीठ खाली पडलं. ताई आतून दार बडवत होत्या, पण खोकल्यामुळं शब्द फुटत नव्हता. मग बडवणंही थांबलं. मी 'ताई, ताई' म्हणून नुसती किंचाळत होते. शेवटी दोघा गड्यांनी दार मोडलं आणि बायांनी हंडेच्या हंडे आत ओतले.

ताई बाहेर आल्या. नखशिखांत भिजलेल्या, डोळे लाल, आणि माशाचा ट्रे छातीशी घट्ट धरलेला!

एक म्हातारी पुढं झाली. तिनं ट्रेमध्ये वाकून बघितलं आणि म्हणाली, "अगो, मासा भाजायचा व्हता तं चुलीवर भाजायचा. घर कशाला पेटवतीस?"

*

तुसाचं पोतं धुरीशेजारीच असतं, वाइन गार करायची बर्फाची बादलीही तिथंच. एकदा पाहुणे टेबलावर बसले होते, ताई किचनमध्ये ग्लास पुसत होत्या, आणि मी तूस काढायला पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. हाताला काहीतरी गार, गुळगुळीत लागलं. पाइपाचा तुकडा असेल म्हणून धरला.

पाइप हलला.

भाऊ धुरीच्या दारातच उभे होते. माझं तोंड बघूनच त्यांना कळलं. "मंगल, हलू नको. आजिबात हलू नको." ते कोयता घेऊन पोत्याच्या मागच्या बाजूला गेले, वीत वीत करत शिवण उसवायला लागले. माझ्या कानशिलांवरून घाम ओघळत होता आणि हातावरून ते जनावर सरकत होतं. सरकता सरकता मागून बाहेर पडलं आणि फणा काढला तेव्हा कळलं, नाग! गेला बिचारा बांधाकडं निघून.

पण तो हातावर असतानाच किचनमधून ताईंची हाक आली होती, "मंगल, बाटली थंड झाली का गं? हात लावून बघ!"

मी ओठ न हलवता म्हणाले, "थंड आहे ताई... जाम थंड आहे."

"मग आण ना टेबलावर!"

*

कल्याणचे एक साहेब आले होते. धिप्पाड गडी. ताई त्यांना समजावत होत्या, की धुराची चव जड असते, म्हणून सोबत आंबटसर, हलकी वाइन हवी. साहेब मान डोलवत होते. तेवढ्यात मान डोलायची थांबली.

हात गळ्याकडं गेला. चेहरा लाल, मग जांभळा. त्यांची बायको ओरडली, "काटा! काटा अडकला!" कुणी म्हणालं केळं द्या, कुणी म्हणालं भाताचा गोळा द्या. मी खांबाला धरून उभी. काटे मीच काढले होते ना! माझ्या हातून माणूस जातोय, पोलीस येतील, माझ्या पोरीचं कसं होईल, सगळं एका क्षणात डोळ्यांसमोरून गेलं.

भाऊंनी साहेबांना पुढं वाकवलं आणि पाठीत हाणल्या. एक, दोन, आणि तिसऱ्या फटक्याला काहीतरी 'टण्' करून ताटलीत पडलं.

काटा नव्हता. साहेबांचा खोटा दात होता!

साहेबांनी श्वास घेतला, पाणी प्यायले, दात रुमालात बांधला. भाऊ मला हळूच म्हणाले, "मंगल, सुटलीस! आपला मासा निर्दोष हाय."

*

आता माझ्या घरची गोष्ट. आमचं गाव म्हसा नावाच्या गावाशेजारी. माझी सासू माळकरी नाही, पण दारूच्या नावानं तिचं डोकं फिरतं. सासऱ्यांना दारूनंच नेलं. घरात कुणी बाटलीचं नाव काढलं तरी ती जेवण टाकून उठते.

आणि एक दिवस ताई म्हणाल्या, "मंगल, माशासोबत वाइन कशी लागते ते तू चाखल्याशिवाय तुला मीठ-लिंबाचा अंदाज कसा येणार?" घेतला एक घोट. मग अंदाज पक्का करायला आणखी एक.

सहा सीटर रिक्षात बसले आणि भीती सुरू झाली. बडीशेप खाल्ली, वेलची चघळली, पेरूचा पाला चावला. घरी पोचले तर सासू उंबऱ्यातच बसलेली. मी तोंडाला पदर लावून आत सटकणार, तर तिनं मनगट धरलं. "थांब गो. हिकडं ये." माझं नाक, तोंड, पदर, सगळं हुंगलं. मी देवाचं नाव घ्यायला लागले.

सासूचे डोळे भरून आले. म्हणाली, "मासा खाऊन आलीस ना? आन् मना नाय आनलास?"

*

म्हशाची जत्रा लागली होती. आजूबाजूची सगळी माणसं तिकडं गेलेली, त्यामुळं संध्याकाळी आमच्याकडं चिटपाखरू नव्हतं. बाहेरच्या टेबलावर एक जोडपं, लग्नाचा वाढदिवस साजरा करायला आलेलं. ताई त्यांच्यासाठी फसफसणारी वाइन उघडत होत्या. मी माशाची ताटली घेऊन निघाले आणि मध्येच थिजले.

कुंपणाच्या भिंतीवर बिबट्या होता. आमच्याकडं बघत नव्हता. माझ्या ताटलीकडं बघत होता!

त्या जोडप्यानंही पाहिलं. दोघांनी टेबलाची कड धरली. बिबट्यानं पुढचे पाय खाली सोडले. माझ्या ताटलीतल्या पापड्या एकमेकींवर वाजत होत्या. ताईंची पाठ भिंतीकडं, त्यांना काहीच माहीत नाही. त्या आपल्या बुचाशी झटतायत, "निघत कसं नाही मेलं..."

फट्!

बूच उडालं ते भिंतीवर. बिबट्या एका उडीत पलीकडच्या रानात!

ताई वळून म्हणाल्या, "काय झालं? एवढ्या आवाजाला घाबरलात?"

तेव्हापासून भाऊ संध्याकाळी गोठ्याकडं जाताना विचारतात, "ताई, ती उडनारी बाटली हाय का एखादी?"

*

वाशिंदचे एक काका-काकू आले होते, साठी ओलांडलेले. काकूंना मासळीच्या वासानं मळमळायचं, म्हणून त्या लांब झाडाखाली बसल्या आणि तिथूनच काकांना बोलत होत्या. "ह्या वयात वाइन? आधी गुडघे सांभाळा!" काका हसून बर्फाच्या मोठ्या टबातल्या बाटल्या न्याहाळत होते.

दुपारी वारा फिरला. धुरीचा धूर सरळ उंच आंब्याकडं गेला, आणि तिथं आग्या मोहोळ होतं.

आधी एक घोंघाट ऐकू आला. मग उन्हावर काळी सावली धरली. भाऊ ओरडले, "धुरीत शिरा! धुरात येनार नाय त्या!" मी काकूंना ओढत आत नेलं, ताई शिरल्या, बाकीचे पाहुणे शिरले. भाऊंनी निखाऱ्यांवर ओला तूस टाकला. धुरात डोळे उघडेनात. डोक्यावर मासे लोंबत होते, काकूंच्या केसांना घासत होते. बाहेर पत्र्यावर मधमाश्या गारांसारख्या आपटत होत्या.

"हे कुठंयत?" काकू म्हणाल्या.

काका नव्हते. गुडघ्यांमुळं त्यांना पळता आलं नव्हतं. भाऊंनी दाराच्या फटीतून बघितलं. "टब उलटा करून खाली बसलेत. टब हलतोय."

काकू दारावर धावल्या, दोघांनी त्यांना धरलं. "अहो!" त्या हाका मारत राहिल्या, आवाज बसेपर्यंत. त्या घोंघाटात बाहेर काय ऐकू जाणार? मग भाऊ फटीपासून मागं झाले. टब हलायचा थांबला होता.

काकू खाली बसल्या. "सकाळपासून नुसती बोलतेय गं मी त्यांना," एवढंच म्हणाल्या.

घोंघाट ओसरायला फार वेळ लागला. भाऊंनी दार उघडलं, तर सगळ्यांच्या आधी काकू बाहेर. दोन्ही हातांनी टब उलथला.

काका गुडघ्यांत मान घालून बसले होते. बर्फाच्या पाण्यानं हातपाय आखडलेले, चेहरा सुजून डोळ्यांच्या नुसत्या फटी उरलेल्या. काकूंचं तोंड काजळीनं काळंठिक्कर, केस सुटलेले, अंगाला मासळीचा वास. त्यांनी काकांचा खांदा गदागदा हलवला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "उठा! दवाखान्यात चला!"

काकांनी हात जोडले.

"बाई, माझं राहू द्या हो! आधी माझ्या बायकोला शोधा!"