मुन्नालालच्या बोडीतला राम राम

मुन्नालाल पटले समोरून येताना दिसला, की आमच्या गावातल्या लोकांना अचानक काम आठवतं. माणूस वाईट नाही. त्याच्या राम रामला उत्तर दिलं, की धानावरची कीड, उजवा गुडघा आणि जावयाची बदली हे सगळं ऐकल्याशिवाय सुटका नसते, एवढंच. त्यामुळे मोटारसायकलवाले त्याला पाहून इंजिनाचा आवाज तपासत निघून जातात. मी पडलो शेजारी. आमचं कुंपण एकच, मला पळायला वाट नाही.

त्याच्या धानाच्या बांधीच्या वरच्या अंगाला आजोबाने खोदलेली बोडी, म्हणजे लहानसं तळं, आहे. गेल्या पावसाळ्यात तिच्यात त्याने रोहू आणि कतला मासोळ्यांचं बीज सोडलं. पोळा झाला आणि आभाळ असं दाटलं, की ऊन कसं असतं ते विसरायला झालं. अशाच एका पहाटे मुन्नालाल बोडीच्या पाळीवर उभा राहिला आणि सवयीने म्हणाला, "राम राम."

बोडीभर तोंडं वर आली. उघडी, बंद. उघडी, बंद. मी स्वतः पाहिलंय, म्हणून सांगतो. 'रा'ला उघडायची, 'म'ला मिटायची. उच्चार ऐकू येत नव्हता, पण तेवढं चालायचंच.

माणसाला असा मान मिळाला, की तो खर्चाकडे बघत नाही. मुन्नालाल सकाळ-संध्याकाळ घमेल्याने कोंडा आणि जवसाची ढेप ओतू लागला. वरून शेणही टाकलं. पाणी हिरवंगार झालं. मासोळ्या रोज पहाटे अधिकच अदबीने वर येऊ लागल्या. गावातले लोक पाहायला जमले, आणि प्रतापगडच्या महादेवाच्या यात्रेहून परतल्यासारखे हात जोडून घरी गेले. मी त्याला सुचवलं, की यांना ग्रामसभेला घेऊन चल, निदान कोरम तरी पूर्ण होईल. त्याने ते विचारात घेतलं.

शंका एकट्या सावित्रीबाईला आली. ती त्याची बायको, तिला शंकेचा सराव आहे. ती म्हणाली, की ह्या मासोळ्या फक्त पहाटेच बोलतात, दुपारी ऊन निघालं तर एकही दिसत नाही. त्यावर मुन्नालालचं उत्तर असं, की दुपारी आपणही कोणाला राम राम करत नाही.

मग त्याने कोहमाऱ्याला फोन लावला. तिथे हायवेवर त्याच्या व्याह्याचा, हेमेंद्रचा, ढाबा आहे. हा हेमेंद्र मुलीच्या, चेतनाच्या, लग्नात, मांडवातच, मुन्नालालचं वाक्य अर्ध्यावर असताना उठून गेला होता. मुन्नालाल ते विसरलेला नाही. रविवारी सकाळी लवकर या, असं त्याने सांगितलं, काय दाखवणार ते मात्र सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात बीज विकणारा छोटेलाल रस्त्याने चालला होता. मुन्नालालने त्याला हाताला धरून पाळीवर आणलं आणि राम राम करून दाखवला. छोटेलाल वाकून पाहत राहिला. काठाच्या गवतात दोन रोहू पोट वर करून पडले होते. मुन्नालालने ते आधीच पाहिले होते आणि झोपलेत असं ठरवलं होतं.

"काकाजी," छोटेलाल म्हणाला, "हे राम राम नोहोय. हे राम नाम सत्य है."

मग त्याने समजावलं. पाण्यातली हवा संपली आहे. ओतलेला कोंडा खाली सडतो, तो हवा खातो. हिरवं शेवाळ दिवसा उन्हात हवा देतं आणि रात्री तेच परत घेतं. आभाळ असलं की देणं कमी आणि घेणं तेवढंच. म्हणून पहाटे मासोळी वर येऊन तोंडाने हवा गिळते. कोंडा, शेण बंद करा. रात्रीपासून ऊन निघेपर्यंत मोटर चालवा, पाणी उंचावरून पडू द्या.

मुन्नालालने सगळं ऐकून एकच विचारलं. "बऱ्या झाल्या म्हणजे मंग राम राम करतीन ना?"

"बरी मासोळी कायले वर येते जी? ते खालीच राह्यते."

मोटरीचा पाइप त्याने मोहाच्या झाडाच्या दुबेळक्यात बांधला. खाली भोकं पाडलेला टिनाचा पत्रा. पाणी त्यावर पडून पावसासारखं बोडीत उतरू लागलं. पहाटे वर येणारी तोंडं कमी कमी होत गेली. मुन्नालालचा चेहराही त्याच प्रमाणात उतरत गेला.

रविवार उजाडायच्या आत तो मोटरीच्या पेटीपाशी उभा होता. आभाळ होतंच. आता मोटर बंद केली, तर पाहुणा येईपर्यंत मासोळ्या पुन्हा वर येणार, हे त्यालाही कळत होतं. हात बटणावर होता. सावित्रीबाई मागे येऊन उभी राहिली, तेही त्याला कळलं नाही. हे ती माझ्या बायकोला कुंपणावरून सांगत होती, मी चुकून तिथेच होतो.

"चेतनाचे बाबूजी, बंद करून राहिले का?"

त्याने हात काढला. "चालू दे," म्हणाला.

हेमेंद्र आला. मला बोलावणं नव्हतं, तरी मी गेलो. तिघेही पाळीवर उभे राहिलो. पाणी पडत होतं. बाकी काही नव्हतं. राम राम करणाऱ्या मासोळ्यांची बातमी हेमेंद्रला गावात शिरतानाच लागली होती.

"समधीजी, बलवा ना."

"आता नाही येत ते."

"काऊन?"

"बरं हाय त्यायले."

हेमेंद्रने माझ्याकडे पाहिलं. मी मोहाकडे पाहिलं. हेमेंद्र म्हणाला, की बोडीत मासोळ्या आहेत तरी का. जाळं टाकून एक दाखवू, असं मी सुचवलं. मुन्नालाल म्हणाला, "जाळं नाही. आताच मरता मरता वाचल्या."

जेवणात वांगं होतं. हेमेंद्र भराभर जेवला आणि मुन्नालालचा गुडघा अर्ध्यावर आला असताना उठून निघाला. हल्ली कोहमाऱ्याच्या ढाब्यावर ट्रकवाले ऐकतात, की अमुक गावात एक शेतकरी मोटर लावून रात्रभर पाण्याला पाणी पाजतो.

हे मुन्नालालच्याही कानावर आलंय. मीच सांगितलं. तो अजूनही पहाटे बोडीवर जातो, पाळीवरून बराच वेळ पाहतो आणि परत येतो. काल सावित्रीबाईने ओसरीवरूनच विचारलं, काही दिसलं का.

"एकबी नाही दिसली," तो म्हणाला, आणि दुसरा कप चहा मागितला.