राउटरची पिन

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही माझे कोणी लागत नाही. आणि रडगाणं ऐकायला मिळेल अशी आशा असेल, तर ती आताच सोडा.

रायपुरात पंडरीच्या बाजारात आमचं कपड्याचं ठोक दुकान आहे. नवरा सरकारी नोकरीत, त्याला साडी आणि चादर सारखीच. म्हणून सासऱ्यांच्या – मामाजींच्या – गादीशेजारी, खाली प्लास्टिकच्या स्टुलावर मी बसू लागले. दुकानात कॉम्प्युटर आला तो माझ्यामुळे. कोणता माल कुठं, किती उरला, हे मला विचारल्याशिवाय मामाजींचं पान हलत नसे. सुनेला असं महत्त्व कुणी ताटात वाढून देतं का?

मग रश्मी, माझी नणंद, शहरापासून लांब, नवा रायपुरात राहायला गेली. बाळ लहान, बस मिळणं मुश्किल. तिनं सुचवलं की आपण क्लाउडवरचं सॉफ्टवेअर घेऊ. माल, बिलं, ऑर्डरी सगळं इंटरनेटवर राहील, ती घरूनच काम बघेल. लग्नाआधी ती याच दुकानात वाढली होती. तिला परत यायचं होतं, एवढंच. तिचं काही चुकलं होतं? नाही.

मामाजी घाबरले. आपला माल बाहेरच्यांना दिसेल, महिन्याच्या महिन्याला पैसे भरा, नेट गेलं तर गिऱ्हाइकाला काय सांगायचं? पण लेकीसाठी ते तयार झाले. एक दिवस चालवून पाहू म्हणाले.

आणि मी? मुलगी घरी बसून दुकान चालवणार, मग सून दुकानात बसून काय करणार – उदबत्ती लावणार?

हो, उदबत्तीच लावली त्या दिवशी. रोज सकाळी कॉम्प्युटरला ओवाळायचं काम माझंच. ओवाळताना खाली वाकले, साड्यांच्या गठ्ठ्यामागे हात घातला आणि राउटरची पिन सैल केली. अगदी थोडी. दिसायला लावलेलीच.

बस्तरचे व्यापारी गठ्ठे बांधून उभे, आणि बिल निघेना. दुकानाच्या आतल्या भागात मोबाइलला रेंज नसते. सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, राउटर बघा. बघितला, मामाजी म्हणाले. शेवटी हातानं बिलं फाडली. व्यापारी कुरकुरत गेले. मामाजींचा चेहरा पडला होता.

संध्याकाळी रश्मीचा फोन आला. "वहिनी, नेट खरंच गेलं होतं काय?"

"हव," मी म्हटलं.

पिन हलवायला एक क्षण लागला होता. पण हे होकाराचं 'हव' मी विचार करून म्हटलं. तिकडे बाळ रडायला लागलं म्हणून तिनं फोन ठेवला. मामाजी एवढंच बोलले, "दुसऱ्याच्या तारेवर आपलं दुकान नाही चालून राहिलं." रश्मीनं तो विषय पुन्हा काढला नाही. हळूहळू दुकानात येणंही थांबवलं.

दोन-तीन वर्षांनी तेच सॉफ्टवेअर मी आणलं. सगळ्या बाजारानं घेतलं होतं, आता मामाजींना भीती उरली नव्हती. गुडघा दुखतो त्या दिवशी मीसुद्धा घरूनच काम बघते. मागच्या दिवाळीला मामाजींनी रश्मीसमोर माझं कौतुक केलं – सुनेनं दुकान कुठल्या कुठं नेलं. रश्मी हसली. माझ्याकडे मात्र तिनं पाहिलं नाही. तिला कळलं असेल का? असेल. मी मान खाली घातली नाही.

मी भ्याले होते, म्हणून खोटं बोलले, आणि एका मुलीला तिच्या बापाच्या दुकानातून बाहेर काढलं. हे इतकं सरळ आहे. माझ्या जागी बसल्याशिवाय कुणी मला शहाणपण शिकवू नये, असं मला आजही वाटतं. पण त्यामुळे मी केलेलं काही बदलत नाही.

त्या सॉफ्टवेअरमध्ये घरून काम बघायला आणखी एका माणसाचं नाव जोडायची सोय आहे. ते रोज विचारतं. मी रोज 'नाही' दाबते आणि कामाला लागते.