पाणी कुठवर आलं होतं?

माझ्या व्याह्यांइतका पुराचा जाणकार वैनगंगेच्या दोन्ही काठांवर शोधून सापडणार नाही, आणि गंमत अशी की त्यांच्या गावात पुरात न सापडलेले तेवढे एकटेच. आमच्या भंडाऱ्याकडं व्याह्याला इवाई म्हणतात. इवायाला नाही म्हणता येत नाही, हा आमच्याकडचा न लिहिलेला कायदा, आणि त्या कायद्याखाली मी बरीच शिक्षा भोगून झालो आहे. पाठ अजून दुखते.

माणसं भेटली की एकमेकांची तब्येत विचारतात, धान कसं आहे विचारतात. आमचे इवाई 'जय भीम' झाल्याबरोबर दुसऱ्या वाक्याला विचारतात, "तुमच्या घरी पाणी कुठवर आलं होतं?" हातात एक बांबूची काठी असते. गावातल्या प्रत्येक घरात पुराचं पाणी किती चढलं होतं त्याची खूण त्या काठीवर कोरलेली आहे, आणि कोणाची खूण कोणती ते त्यांना पाठ आहे. माझ्या मुलीला पाहायला ही मंडळी मोहाडीला आली, ती चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली, तेव्हा मुलाचे वडील बैठकीत नव्हतेच. ते बाहेर आमच्या ओट्याला काठी लावून वाकले होते.

"मोहाडीत आमच्या गल्लीत पाणी येत नाही जी," मी म्हणालो.

"सबन असंच म्हनतेत," ते काठीवरची नजर न काढता म्हणाले, "मंग छपरावर चढतेत."

ओट्याला तीन पायऱ्या निघाल्या. जोतं उंच, म्हणून मुलगी पसंत. माझी बायको आजही म्हणते, "माह्या पोरीचं लगन त्या तीन पायऱ्यायनं जमवलं."

इवाई मास्तर होते. जिल्ह्याची वाटणी होऊन गोंदिया वेगळं झालं, तेव्हा बाकीचे मास्तर आपली बदली कुठं लागते या घोरात होते. हे म्हणे नकाशा पुढ्यात घेऊन नदी कोणाकडं किती गेली ते पाहत बसले होते. मी आधी या सगळ्याला हसायचो. नंतर जावयांनी एकदा मूळ गोष्ट सांगितली आणि माझं हसणं जरा अडखळलं. इवायांना तरुणपणी नाटकाचं वेड होतं. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते, तिथल्या नाटकात ते खलनायक असायचे. ज्या दिवशी पूर आला, त्या दिवशी ते भंडाऱ्याला तालमीत होते. रस्ते बुडाले. दीड दिवस ते पलीकडच्या उंच सडकेवर उभे राहिले, आणि इकडं विहीणबाई सासूला आणि कडेवरच्या पोराला, म्हणजे आमच्या आजच्या जावयांना घेऊन छपरावर बसून राहिल्या. सगळे वाचले. पण त्यानंतर इवायांनी तोंडाला रंग लावला नाही, आणि विहीणबाई त्या दीड दिवसाबद्दल कधी एक शब्द बोलल्या नाहीत.

निवृत्त झाल्यावर त्यांनी नाटक लिहायला घेतलं. पुरात सापडलेल्या प्रत्येकाकडून त्याची हकिकत ऐकायची, शब्दाला शब्द उतरवायची, आणि ज्याची हकिकत त्यानंच ती रंगमंचावर सांगायची. ऐकायला मोठं सोपं वाटतं. एका म्हाताऱ्यानं अट घातली की त्याच्या वाहून गेलेल्या बकरीचं नाव चार वेळा आलं पाहिजे. एकाला तो रडला नव्हता हे दोनदा सांगायचं होतं, आणि सांगताना तो दर खेपेला रडायचा. इवायांनी कोणालाच नाही म्हटलं नाही. नाटक साडेतीन तासांचं झालं. मला प्रॉम्प्टर नेमलं. माझा आवाज समोरच्यापर्यंत पोचत नाही, हा घरात आणि कचेरीत जन्मभर ऐकलेला दोष तिथं एकदम गुण ठरला. दर रविवारी मी मोहाडीहून गाडी हाणत जायचो आणि विहाराच्या ओसरीत सात वह्यांचं बाड मांडीवर घेऊन लोकांना परत परत बुडताना ऐकायचो. लोकही थकले. एक बाई वैतागून म्हणाली, "कितीक खेपा बुडवता जी मास्तर आमाले? खऱ्या पुरानं तं एकडावच बुडवलं होतं."

बाराव्या प्रवेशाचं पान मात्र कोरं होतं. वर फक्त लिहिलेलं: छप्पर. तो विहीणबाईंचा प्रवेश. इतकी वर्षं त्यांना विचारून झालं होतं, उत्तर एकच यायचं, "भाजी कायची करू?" अंगणवाडीच्या मॅडम त्यांच्या जागी नुसत्या बसून राहायच्या.

"मी काही बोलू का जी सर?"

"ते बोलली नाही, तं तुमी कायचं बोलसान?"

मग एका टोकाला स्वतः इवाई येऊन उभे राहायचे. स्वतःची भूमिका त्यांनी स्वतःच घेतली होती, कारण तालमीत असलेल्या माणसाचं काम करायला गावात कोणी तयार नव्हतं. त्यांना एकच वाक्य होतं: "मी तिथं असतो तर!"

एका रविवारी सगळे गेल्यावर मी वह्या बांधत होतो. ते काठी गुडघ्यांवर आडवी ठेवून बसले होते. म्हणाले, "इवाई, त्या छपरावर तिनं माह्याबद्दल काय म्हटलं असन, तेवढंच आयकाचं आहे मले. शिव्या देल्ल्या असन तरी चालते. हे सारं नाटक त्याच्यासाठीच तं करून राहिलो."

प्रयोग विहारासमोरच्या मांडवात, भर दुपारी. पूर दुपारी आला होता, म्हणून नाटकही दुपारीच, हा त्यांचा हट्ट. दुसऱ्याच प्रवेशात पाणी नदीकडून आलं असं कोणीतरी म्हणाला आणि प्रेक्षकांतून एक जण उठला, "खोटं आहे! पयले नाल्याकून आलं!" नाटक थांबलं. मांडवात दोन पक्ष पडले. नट खाली उतरून आपापल्या पक्षात सामील झाले. अर्ध्या तासानं पाणी दोन्हीकडून आलं असं ठरलं आणि मी पान उलटलं.

बारावा प्रवेश आला. मॅडम छपरावर बसल्या. मी कोऱ्या पानाकडं पाहत राहिलो. प्रॉम्प्टरला यापेक्षा हलकं काम नसेल. इवाई आले. काठी टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "मी तिथं असतो तर!" त्यांचा आवाज फाटला, आणि ते नाटकातलं नव्हतं.

बायकांच्या बाजूनं एक आवाज आला. मोठा नव्हता.

"असते तं काय केलं असतं?" विहीणबाई उभ्या होत्या. पदर खोचलेला, जणू चुलीवरचं सोडून आल्या होत्या. "तुमाले पोहता कुठं येते? सासूले धरू, का पोराले धरू, का तुमाले? साऱ्या रात्रीची मनात म्हनत होती, बरं झालं बाप्पा, हा मानूस तिकडं हाये."

मग तो बकरीवाला म्हातारा हसला, आणि सगळा मांडव हसला. त्या गावात पुराच्या गोष्टीवर कोणी हसल्याचं मी तेव्हाच पाहिलं. इवाई हसले नाहीत. ते स्टेजवरच खाली बसले. पुढचे चार प्रवेश झालेच नाहीत, आणि कोणी मागितलेही नाहीत.

नंतर मी त्यांना म्हटलं, कोऱ्या पानावर ते वाक्य लिहून टाका, नाटक पुरं होईल. त्यांनी मान हलवली. "ते मले बोलली जी. नाटकाले नाही." वह्यांचं बाड आता त्यांच्या घरी आढ्याला टांगलेलं आहे. मला रविवार मोकळा मिळतो आणि त्या मोकळ्या रविवारचं काय करावं ते मला कळत नाही.

परवा मुलीकडं गेलो होतो. इवाई घरी नव्हते. जावई म्हणाले, तलावावर असतील. पासष्टी उलटलेला माणूस तेलाचा रिकामा डबा पोटाशी बांधून पोहायला शिकत होता. काठी घाटावर पडली होती. विहीणबाई पायरीवर टॉवेल घेऊन बसल्या होत्या. मी सवयीनं हाक दिली, "इवाई, पाणी कुठवर आलं?"

त्यांच्याऐवजी विहीणबाईच बोलल्या, माझ्याकडं न बघता. "कमरेवरी आलं. बस झालं आता. या बाहीर."

आणि ते आले.