माझ्या 'थांबा'चं काय झालं

काटोलची आमची संत्र्याची बाग दरवर्षी एकाच व्यापाऱ्याकडे जाते. सौदा फळ झाडावर असतानाच होतो, पण फळांचा तोडा कधी करायचा ते मी सांगते. यंदा त्याने हे विचारायची सोय मोबाइलवर केली. ती बनवून दिली माझ्याच नातीने. ती शहरात, नंदनवन वस्तीत, माझ्या मुलाच्या घरी बसून कॉम्प्युटरचं काम करते. स्क्रीनवर एक 'तोडा' असं बटण आणि त्याखाली 'थांबा' अशी चौकट. आंबिया बहाराच्या फळाला अजून रंग आला नव्हता, म्हणून मी चौकटीत खूण केली.

सकाळी मी बागेत पोचले तर व्यापाऱ्याच्या मुकादमाच्या माणसांनी झाडांची एक ओळ रिकामी केलेली. मुकादम म्हणे, मोबाइलवर तुमचा होकार आला. मी म्हटलं, माझा होकार माझ्या तोंडातून येतो. सगळ्यांना झाडाखालून हाकललं आणि नातीला बोलावून घेतलं. ती दुपारच्या बसने आली.

"काहून वं, मी थांबाले हात लावला तर त्याचं तोडा कसं झालं?"

तिने सांगितलं. हात लागला की कशाला लागला ती वस्तू प्रोग्रामकडे येते, पण नुसती वस्तू म्हणून. बटण की चौकट, हे लिहिणाऱ्याने ओळखायचं. हिने आधी सगळ्यांना बटणच धरलं. चौकट आली की प्रोग्राम बंद पडायचा. मग हिने बटण आणि चौकट दोन्ही ज्यात मोडतात तो वरचा वर्ग, कंट्रोल नावाचा, तोच धरला. त्याला एवढंच कळतं की हात लागला. खूण केली का, हे त्याला विचारताच येत नाही. हात लागला म्हणजे होकार, असं हिने लिहून टाकलं.

"चालून राहिलं होतं ना आजी, म्हणून पुढं पाहिलंच नाही."

माझं डोकंच फिरलं. प्रोग्राम ओरडत होता की ही चौकट आहे, बटण नाही. हिने त्याचं तोंड बंद केलं आणि त्याला काम झालं म्हणते. आता म्हणे, आधी चौकट आहे का ते विचारीन, मग खूण पाहीन. आधी का नाही विचारलं? तर घाई होती. घाई हिची आणि फळ माझं.

तिला रिकाम्या ओळीत नेलं. खाली पडलेलं एक हिरवं संत्रं सोलून हातात दिलं. पहिल्याच फोडीला तिचं तोंड वाकडं झालं, डोळ्यांत पाणी आलं.

मी दुसरं सोलायला घेतलं.