मणियारणीचा उजवा हात

काळेवाडीत तिला कमरू म्हणत. पुढच्या गावांना तेवढंही लागत नसे, तिथं ती नुसती मणियारीण. नाव कमरुन्निसा, पण ते विचारतंय कोण? डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन ती भोसरी, दिघी करत चऱ्होलीच्या वेशीत शिरली आणि तिनं एक हाळी दिली, की बायका पिठाचे हात तसेच घेऊन ओसरीवर येत. नवरा मुंबईला गोदीत कामाला म्हणून गेला तो गेलाच. आहे की नाही ते अल्लाला ठाऊक. कमरूनं मनगटातल्या बांगड्या मात्र उतरवल्या नाहीत. उतरवल्या असत्या तर कुठल्या सवाष्णीनं तिच्याकडून बांगड्या भरून घेतल्या असत्या?

आता म्हणाल, पोटासाठी सगळं. पोटासाठी होतंच, पण तेवढंच नव्हतं. ना मूल ना बाळ, घरी परतलं की चार भिंती आणि एक चूल. माणसाचा हात तिच्या हाती यायचा तो याच धंद्यात. समोर बसवायचं, हात हातात घ्यायचा, अंगठ्याखालचा गड्डा आत दाबायचा, बोटं मिटवायची आणि बोलता बोलता बांगडी वर सरकवायची. समोरची हसते कधी, रडते कधी, सासूची गाऱ्हाणी सांगते. भरून झालं की वाकून नमस्कार करते, मग ती पाटलीण असो नाहीतर मोलकरीण. तो रिवाजच आहे. त्या नमस्कारावर कमरूचे दिवस जात होते, हे खरं.

एका सकाळी स्टो भडकला आणि उजव्या हाताचा मागचा भाग भाजला. जखम भरली, खपली पडली, आणि मग तिथं भलतंच सुरू झालं. डाग वर यायला लागला. लाल, तुकतुकीत, कडक. भाजलं होतं लिंबाएवढं आणि डाग सरकत सरकत निघाला मनगटाकडं. खाज तर अशी की जीव नको व्हावा.

शेजारच्या छबूबाईला अर्थातच उपाय ठाऊक होता. शेजारणींना ठाऊक नसतो असा उपाय आहे का जगात? "गजकर्णाला नाही का बिब्ब्याचं रिंगण घालत? मग ते पुढं सरकत नाही. याला पण घालू." बिब्बा तापवला, सुईनं त्याचं तेल काढलं आणि डागाभोवती गोल कुंपण घातलं. कमरूनं दात आवळून ते सोसलं. फोड आले, पाणी सुटलं, आणि सुकल्यावर ते कुंपणच फुगून वर आलं. डाग होता त्याहून मोठा झाला. छबूबाई म्हणाली, तुझ्याच नशिबाला काय करायचं.

पिंपरीला तेव्हा पेनिसिलिनचा कारखाना नवा नवा उभा राहिला होता. बुरशीतून औषध काढतात म्हणे, मेलेली माणसं उठवतं म्हणे, असं जो तो सांगत सुटलेला. कमरूनं पिंपरीतला दवाखाना गाठला. डॉक्टरांनी हात उलटासुलटा करून पाहिला, सुई टोचून पाहिली.

"महारोग नाही," ते म्हणाले. "कुणाला लागणारही नाही. एकेकाच्या कातडीचा स्वभाव असतो, जखम भरली तरी तिला थांबायचं कळत नाही. कापला तर परत येईल, आणि मोठा होऊन येईल. याला माझ्याकडं औषध नाही."

माणूस खरं बोलला. पण डॉक्टरचं खरं बोलणं चऱ्होलीला कुठलं ऐकू जायला? बायकांनी डाग पाहिला आणि हात पदराखाली घेतले. वाकडं कुणी बोललं नाही. "तू बांगड्या दे बये, आमच्या आमी भरतो," एवढंच. बांगड्या खपत होत्या. कमरू डझन मोजून ओसरीवर ठेवायची आणि उठायची. नमस्कार नाही, गाऱ्हाणं नाही. हात कुणी धरला नाही तर माणूस आतून वाळत जातं, तशी ती वाळत गेली.

चऱ्होलीच्या टोकाला, मळ्यात, आक्काबाईचं घर. आक्काबाई तरण्या वयातच विधवा झालेली, आता केस पिकलेले. कमरू तिथं सावलीला बसून हात खाजवत होती, ते तिनं मागच्या दारातून पाहिलं.

"दाखव," आक्काबाई म्हणाली. "तिथनंच दाखव. जवळ येऊ नगंस."

कमरूनं हात वर केला.

"आन् खाजवायचं न्हाई. मोटेच्या पाटाकडंला कारिवणा हाय, गोल बारक्या पानाचा. तो वाटायचा, कांद्याचा रस घालायचा, थोडं तिळाचं तेल. दाबून दाबून चोळायचं, रोज."

"जाईल का, आक्का?"

"माज्या भावाच्या छातीवर असलाच व्हता. गेला न्हाई. नरमला मातर, आन् खाज गेली. खोटं कशाला सांगू?"

तिनं पाला खुडून आणला, जोत्याच्या दगडावर ठेवला आणि मागं सरली. मग कमरूनं तो उचलला. दर फेरीला असंच. दगडावर पाला, आणि आक्काबाई लांब दारात. औषध देते आणि हिलाही माझी किळस येते, हे कमरूला सगळ्यात जास्त लागलं. पण काळेवाडीच्या खोलीत ती एकटी बसून रोज चोळत राहिली. डावा हात उजव्याला धरायचा, तेवढीच माणसाची ऊब.

पावसाळा गेला, थंडी गेली. खाज आधी थांबली. मग लाली उतरली. डाग काही सपाट झाला नाही, पण कडकपणा गेला, बोटं मिटायला लागली.

उन्हाळ्यात आक्काबाईच्या नातीचं, इंद्रायणीचं लग्न निघालं. हिरवा चुडा मणियारणीकडूनच घेतला. कमरूनं मनाशी ठरवलं होतं: हा चुडा आपल्या हातून भरला गेला तर फेरी चालू ठेवायची. नाहीतर टोपली ठेवून द्यायची आणि पिंपरीत निर्वासितांच्या कॅम्पातल्या कुठल्या तरी दुकानात डझनानं बांगड्या मोजायला बसायचं. तिथं कुणाला हात द्यावा लागत नाही.

"बांगड्या तेवढ्या ठेव," इंद्रायणीची आई शालनबाई म्हणाली. तिला वाईट वाटत होतं, ते तोंडावर दिसत होतं. पण बोलली तेच.

कमरू पायरीवर बसून राहिली, उजवा हात पदराखाली. आत बायकांनी पोरीचा हात धरला आणि पहिलीच बांगडी वाढली. फुटली म्हणायचं नसतं. दुसरी वाढली. तिसरीला पोरीच्या हाताला काच लागली आणि रक्त आलं. ऐन चुड्याला असलं काही घडू नये.

तेव्हा मागच्या दारातून आक्काबाई आली. चुड्याच्या जागी विधवेनं पाऊल टाकायचं नसतं, ती इतकी वर्षं टाकत नव्हती. शालनबाई पुढं झाली, "आत्याबाई, तुमी हिकडं नका..." पण म्हातारी सरळ पायरीवर कमरूच्या समोर मांडी घालून बसली आणि आपला उघडा, वाळका हात पुढं केला.

"धर."

कमरूनं हात पदराखाली आणखी आत ओढला. "आक्का, तुम्हाला तर माझ्या हाताची..."

"किळस? येडी हायेस." आक्काबाई म्हणाली. "तुजी टोपली सवाष्णीची. माजा हात तिला लागू नये म्हणून लांब ऱ्हात व्हते मी. तुला वाटलं तुज्यापायी?"

कमरूनं पदराखालचा हात काढला. म्हातारीचा हात घेतला, अंगठ्याखालचा गड्डा दाबला, बोटं मिटवली. घालायला बांगडी नव्हती, घालता येणारही नव्हती. तरी तिनं सगळं रीतीनं केलं.

"मालक गेल्यापासनं कुणी धरला न्हवता," आक्काबाई म्हणाली, आणि वाकून मणियारणीला नमस्कार केला.

इंद्रायणी येऊन शेजारी बसली, हात पुसून तयार. पण कमरूनं म्हातारीचा हात अजून सोडला नव्हता, आणि पोरीनं घाई केली नाही.