उज्ज्वलाच्या कादंबरीतला दुसरा नवरा

आमच्या कट्ट्याचं इतिवृत्त मी लिहिते. दर रविवारी त्यात एकच वाक्य असतं, 'वाचन झाले व त्यावर साधकबाधक चर्चा झाली.' आता त्यातलं साधक किती आणि बाधक किती, हे लिहायची सोय नाही हो! लिहिलं तर पुढच्या रविवारी मी आणि पंखा, दोघंच असू. मग वहीत न मावलेलं सगळं माझ्या डोक्यात साठतं, आणि कोणी विषय काढला की सांडायला लागतं. उज्ज्वला गायकरच्या कादंबरीचं तर पोतं भरलंय. आज ते सोडतेच.

कट्टा म्हणजे अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावरच्या आमच्या वाचनालयाचा वरचा मजला, रविवारी सकाळी दहाला. उज्ज्वला मोरिवलीची, म्हणजे केमिकल कारखान्यांच्या शेजारची. एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये वीसेक वर्षं नोकरी. बाई कधी चारोळीसुद्धा वाचून दाखवायची नाही. एके दिवशी उठून म्हणाली, मी कादंबरी लिहितेय. परग्रहावरचे लोक चाल करून येतात, आणि त्यात लव्ह स्टोरी आहे.

फाटकसरांनी चष्मा वर केला. हे बदलापूरचे, शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेले. त्यांनी विचारलं, "यात विज्ञान साधारण किती असेल?"

उज्ज्वला म्हणाली, "तुमच्या तासाला असायचं तेवढंच, सर."

ती नववीला त्यांच्याच वर्गात होती, हे आम्हाला तेव्हा कळलं.

*

वाचायचं काम तिच्या नवऱ्याकडे, दिलीप गायकरकडे. कारण आवाज! महाशिवरात्रीच्या जत्रेत हरवलेल्या पोरांची नावं माइकवर हाच पुकारतो. आईबाप धावत येतातच, कधीकधी दुसऱ्यांची पोरंही येऊन उभी राहतात. दिलीप माणूस वाईट नाही. दारू नाही, हात उचलणं नाही. फक्त घरात काय चाललंय ते त्याला शेवटी कळतं. बायकोची कादंबरीसुद्धा तो पहिल्यांदा आमच्यासमोरच वाचायचा.

पहिल्याच प्रकरणात यान मोरिवलीत उतरलं. फाटकसर तयारच होते. परग्रहावरच्या जिवाला आपली हवा कशी मानवेल? त्यांच्याकडे क्लोरीन असेल, सल्फर असेल, अमोनिया असेल, असं त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं.

"म्हणून तर मोरिवलीत उतरवलंय," उज्ज्वला म्हणाली.

हसलं कोणीच नाही. खिडकी उघडी होती, आणि त्या दिवशी वारा तिकडूनच येत होता.

*

तिसऱ्या प्रकरणात पंचाईत झाली. परग्रहावरचा एक हेर बुवापाड्यात भाड्याची खोली बघायला जातो. घरमालक त्याला कुठून आला, काय करतो, काही विचारत नाही. हिरव्या नखांबद्दलही नाही. विचारतो एवढंच की आडनाव काय.

इथे प्रकरण संपलं आणि आमचं सुरू झालं. त्याचं आडनाव काय ठेवायचं? एक सुचवलं की याचं तोंड वाकडं, दुसरं सुचवलं की त्याचं. फाटकसर म्हणाले, असं आडनाव शोधू ज्यावरून माणसाचं काहीच कळत नाही. शोधा म्हटलं! दोन रविवार गेले. लेखकांची, कवींची, सभासदांची आडनावं झाली, शेवटी मी कॅटलॉग काढला. आठ हजार पुस्तकं आमच्याकडे, पण ज्यावरून काहीच कळत नाही असं एक आडनाव मिळेना. माणुसकीवर भाषणं झोडणारी आमची मंडळी आडनाव ऐकलं की कान कसे टवकारतात, हे त्या दोन रविवारी मी डोळ्यांनी पाहिलं. मला लाज वाटली, आणि त्यात मीही होते.

शेवटी लच्छूशेठ वैतागले. हे उल्हासनगरच्या कॅम्पातले सिंधी, चेन आणि बटणांचे व्यापारी. मराठी कथा ऐकायला रिक्षा करून येतात. म्हणाले, "अरे साईं, कुमार लिखो ना. खतम करो."

हेराचं आडनाव कुमार पडलं आणि त्याला खोली मिळाली.

*

मग कुमार माणसाचं रूप घेतो. नायिकेच्या नवऱ्याला यानात नेऊन ठेवतात आणि त्याच्या जागी हा हुबेहूब दुसरा घरात येतो. असे दुसरे गावभर पसरतात. लोक घाबरतात, मोर्चा काढतात. दिलीपने तो मोर्चा असा वाचला की रस्त्यावरचे दोघं वर डोकावून गेले.

लच्छूशेठना मात्र घाबरण्यासारखं काही दिसेना. "डुप्लिकेट आहे, ठीक आहे. पण चालतो ना बरोबर? ओरिजिनलपेक्षा चांगला चालतो ना? मग तक्रार कुणाची?"

उज्ज्वलाने मान खाली घालून ते लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात ते वाक्य नायिकेच्या तोंडी आलं. शेठनी ते कॅम्पभर सांगितलं.

*

हा डुप्लिकेट नवरा करतो काय? वाळत घातलेले कपडे पाऊस यायच्या आधी काढतो. बायको घरी आली की आज काय झालं असं विचारतो आणि उत्तर संपेपर्यंत बसून राहतो. एवढंच हो! एवढ्यावर आमच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

दिलीपने कागद खाली ठेवले आणि मत दिलं. "भाषा चांगली आहे. पण हे पात्र पटत नाही. असा माणूस असतो का कुठे?"

पुढच्या प्रकरणात खरा नवरा. तीन महिने यानात कैद, आणि तक्रार एकच, की इथे भाजीला मीठ कमी असतं. दिलीप खूष! "हा मात्र जिवंत उतरलाय," म्हणाला. आम्ही सगळे छताकडे बघत होतो.

*

एक प्रकाशकही येऊन गेले. त्यांना सगळं आवडलं, फक्त गाव सोडून. परग्रहावरची माणसं अंबरनाथला कशाला येतील, न्यूयॉर्कला उतरवा, म्हणाले.

"तिथलं भाडं परवडत नाही त्यांना," उज्ज्वला म्हणाली.

प्रकाशक स्वतः दादरची खोली सोडून बदलापूरच्याही पुढे वांगणीला राहायला गेलेले.

*

यानंतरचं मी कोणाला सांगितलं नव्हतं. एकदा खाली पुस्तकं लावताना उज्ज्वला मला म्हणाली, "ताई, बदलापूरच्या फ्लॅटचा ताबा मिळाला." फ्लॅट तिच्या पगारातून, तिच्या नावावर. दिलीपला वाटत होतं तो भाड्याने द्यायचाय, त्याने एजंटलाही सांगून ठेवलं होतं.

"मी तिकडे राहायला जाणार आहे. एकटी."

मी विचारलं, भांडण झालं का? ती म्हणाली, भांडायला समोर कोणीतरी लागतं. मग तिने सांगितलं, शेवटचं प्रकरण त्यांना वाचू दे. इतकं लिहिलंय, त्यात स्वतःला ओळखलं, माझ्याशी काही बोलले, तर नाही जाणार.

मला रडू आलं आणि रागही आला. त्या आवाजवाल्या ठोंब्याचा राग! कोणाच्या घरात नाक खुपसायचं नाही हा माझा नियम मोडून मी त्याला गाठलं आणि बजावलं, शेवटचं प्रकरण घरी नीट वाचून या.

"छे, सस्पेन्स जातो," म्हणाला.

*

शेवटच्या रविवारी खोली भरलेली. प्रकरणात यान खऱ्या नवऱ्याला परत आणून सोडतं. अंगणात दोघं शेजारी उभे, तंतोतंत सारखे. एकाने राहायचं, एकाने यानातून कायमचं जायचं. खरा कोण हे ओळखायला नायिका दोघांना एकच प्रश्न विचारते, "मी चहात साखर किती घेते?"

तिथे पान संपत होतं. दिलीप आमच्याकडे बघून हसला. "दोन चमचे. सोप्पंय," म्हणाला, आणि त्याने पान उलटलं.

"'दोन चमचे,' पहिला झटकन म्हणाला," त्याने वाचलं. "दुसरा म्हणाला, 'घेत नाहीस. अकरा वर्षं झाली.' तिने तत्काळ ओळखलं. पहिला तिचा नवरा होता."

आवाज शेवटच्या शब्दाला बसला. उज्ज्वलासमोर तिचा बिनसाखरेचा चहा होता. दर रविवारी तो टपरीवरून वेगळा येतो, ग्लासवर कागद लावून, दिलीपच्या कोपराशेजारी.

तो त्या ग्लासाकडे वळला. मग त्याने विचारलं, "हे कोणाकोणाला माहीत होतं?"

फाटकसरांनी हात वर केला. लच्छूशेठनी केला. मी केला. हळूहळू सगळ्या खोलीने केला. रिकामे ग्लास न्यायला आलेल्या टपरीवाल्या मावशी दारातून म्हणाल्या, "मला पण म्हायतीये."

दिलीपने सगळे हात नीट बघून घेतले.

"म्हणजे या खोलीत खरा माणूस मी एकटाच," तो म्हणाला. "बाकी तुम्ही सगळे परग्रहावरचे."

काय हसलो आम्ही! फाटकसरांना ठसका लागला. सगळ्यात जास्त हसली ती उज्ज्वला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला वाटलं, वाचला हा, जिंकला!

तिने ओढणीने डोळे पुसले. कागद गोळा केले, कडा जुळवून पिशवीत घातले. आणि येताना कोथिंबीर आणा असं सांगावं तशा आवाजात त्याला म्हणाली,

"शनिवारी माझं सामान बदलापूरला जातंय. कधी आलात तर साखर घेऊन या. माझ्या घरात नसते."